गच्चीवरची हळद आणि पाण्याचे साहेब

इकडं सरक, अशी जवळ बस. उभ्याउभ्या चहा पिऊन पळतीस, हे काय येणं झालं का पोरी?

आमच्या पाच मजली बिल्डिंगीचं पाणी तपासायला नगरपालिकेचे एक साहेब येतात. नाव कधी विचारलं न्हाई. ते मला खाला म्हणतात, म्हंजे मावशी, तेवढं पुरतं. पाणी पुढं केलं की म्हणणार, "अर्धाच ग्लास." बोलता बोलता उठून मोरीतला ठिबकता नळ आवळणार, मगच बसणार.

मोठ्या बिल्डिंगीनं गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरजवळच्या खड्ड्यात मुरायला सोडायचं, असा नियम आहे. त्यांनी पास केल्याबिगर आम्हाला नगरपालिकेचा नळ मिळणार नव्हता. आन् ते आले त्या दिवशी आम्ही बायकांनी गच्चीभर कुरुंदा गावाहून आणलेली, शिजवलेली हळद वाळत टाकलेली. हळकुंडं पाईपात जाऊ नयेत म्हणून तोंडाला जुनं लुगडं कोंबलेलं. मला वाटलं, गेला नळ.

साहेबांनी आधी चपला काढल्या. "खाला, ये क्या ठूसा?" म्हणत खाली बसले आन् दोन्ही हातांनी हळद बाजूला सारून राहिले. लुगडं उपसलं, तिथं जाळी बसवायला लावली. मग बादलीभर पाणी ओतायला सांगून स्वतः खाली गेले आन् खड्ड्यात डोकावले.

"बराबर," खालून आवाज आला. "अब वाळवा तुमची हळद."

नळ आला. औंदा बोअरबी आटला न्हाई. आधी पाहुणा दारात दिसला की माझ्या डोळ्यापुढं रिकामी टाकी यायची. आता पाहुणाच दिसतो. लेकरं घेऊन लवकर ये, चार दिस राहा.