वाचनालयासाठी आरक्षित

पुण्याच्या आजूबाजूला जेवढी शहरं अजून वसायची आहेत, त्या सगळ्यांत राहून आलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा. पुण्याभोवतीची वाढ आखायला सरकारनं एक कचेरी काढली होती. मामा तिथं ट्रेसर होते. साहेबांनी ठरवलेल्या रेषा पातळ कागदावर शाईनं गिरवायच्या, एवढंच काम. पण ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की कागदावरचं गाव खरं आणि मातीवरचं तात्पुरतं, अशी त्यांची खात्रीच झाली. त्या कचेरीचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर दप्तर उघडायला नको, मामांना चहा पाजला की पुरे. आधी समिती होती, मग मंडळ झालं, मग प्राधिकरण. दर वेळी पाटी बदलली, साहेब बदलले आणि आराखडा पहिल्यापासून सुरू झाला. मामा तेवढे त्याच टेबलाशी राहिले. "पाटी रंगवनारा आन् मी, दोगंच पर्मनंट," असं ते म्हणत.

निवृत्त होऊन ते यवतला राहायला आले, पण चालायचे आराखड्यातच. घरापासून एसटीचा थांबा सडकेनं पाच मिनिटांवर. मामा मात्र उसातून जायचे, कारण तिथून अठरा मीटरचा रस्ता प्रस्तावित होता. ऊस का तुडवताय म्हणून शेताच्या मालकानं हटकलं, तर मामा शांतपणे म्हणाले, "आप्पा, ऊस तुमीच रस्त्यात लावलाय." गृहप्रवेशाच्या पत्रिकेत त्यांनी पत्ता छापला, 'नियोजित उद्यानासमोर.' पाहुणे दुपारपर्यंत उद्यान शोधत गावभर हिंडले आणि शेवटी एका ढाब्यावर जेवून परत गेले. माझ्या लग्नाच्या वेळी तर कहर झाला. नकाशात राहायची जागा पिवळी आणि शेतीची हिरवी, हे मामांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की मुलीच्या वडिलांना त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "स्थळ पिवळ्यात हाय का हिरव्यात?" त्या बिचाऱ्याला वाटलं, मुलीच्या साडीचं विचारतायत. तो म्हणाला, "मोरपंखी." मामांनी बराच वेळ विचार केला, आणि मोरपंखी रंगाचा झोन आपल्याला माहीत नाही, असं प्रामाणिकपणे कबूल केलं.

आम्ही सगळे हसायचो. आईसुद्धा हसायची. खरं म्हणजे हसू नये असं तिच्याजवळ पुष्कळ होतं.

आमचं गाव वडगाव रासाई. आई अंगणवाडीत मदतनीस. मामा नोकरीत असतानाच पै-पै साठवून तिनं वस्तीच्या कडेला पाच गुंठे घेतले होते. चुलत्यांच्या घरात आम्ही एका खोलीत राहायचो, तिला दोन खोल्या आणि स्वतःची चूल हवी होती. त्याच वर्षी नवा आराखडा निघाला आणि मामा नकाशाची गुंडाळी काखेत मारून आले. "शाळा, दवाखाना, सोसायटी, समदं वरल्या आळीला," ते म्हणाले. "आपल्या वस्तीत कायबी न्हाई. तवा मी सायबाला म्हनलं, जागा हाय. माज्या भैनीची हाय. तितं वाचनालय टाका." आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवणाऱ्या माणसाची ही एवढीच स्वतःची रेघ. आणि ती आईच्या पाच गुंठ्यांवर पडली.

हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती. आईच्या सांगण्यावरून अर्ज मीच लिहिला होता. मामा म्हणाले, "हरकत घिऊ नगं. दोन वर्सात जागा ताब्यात घेत्यात, तुला दुसरीकडं देत्यात. वस्तीतली पोरं शिकतील, तुजं नाव काडतील." आईनं अर्जाची घडी घातली. "दादा म्हंतोय तर व्हईलच," एवढंच बोलली.

वाचनालय झालं नाही. जागेवर आरक्षण पडलं म्हणून घर बांधायला परवानगीही मिळेना. दर भीमजयंतीला मामा पेढे घेऊन गावी यायचे आणि आई विचारायची, "दादा, झालं का?" कधी फाईल मंजुरीला गेलेली असायची, कधी साहेब बदललेले, कधी सर्वे पुन्हा लागलेला. मामा नंतर नंतर खाली बघून सांगायचे, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. गेल्याच्या गेल्या वर्षी आई गेली, चुलत्यांच्या त्याच खोलीत.

यंदा आराखडाच रद्द झाला. मामा पहिल्या गाडीनं आले, दारात उभे राहून म्हणाले, "जय भीम. आरक्षण उठलं रं." मग मला टेप धरायला लावून त्यांनी त्या पाच गुंठ्यांत चुन्याच्या फक्कीनं घर आखायला घेतलं. दोन खोल्या, मागं मोरी. रेघ कुठं वाकडी गेली नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

चारी भिंती झाल्यावर ते थांबले. "दार कुन्या अंगाला पायजे म्हनायची रं ती?"

 इतक्या वर्षांत आई घराचं विचारायची आणि आम्ही तिला कचेरीचं सांगायचो. दाराचं तिला कुणी विचारलंच नव्हतं, मामांनी नाही आणि मीही नाही.  मामांनी मुठीतली फक्की हलकेच घमेल्यात सोडली, आणि चारी बाजूंनी बंद असलेलं ते घर तसंच ठेवून आम्ही परत आलो.