रिकाम्या राहायच्या प्लेटा

उत्तरेश्वर माळींचा हात सगळ्या प्रयोगशाळेत नावाजलेला. दोन जातींच्या यीस्टच्या पेशी एक करायच्या, तर आधी दोघींचं कवच विरघळवावं लागतं. वेळ कमी पडला तर कवच राहतं, दोन मिनिटं जास्त झाली की पेशी फुटते. ती नेमकी वेळ माळीकाकांना सूक्ष्मदर्शकातून बघून कळे. लाखात एखादी जोडी जमायची, ती त्यांनी दहा-बारांवर नेली. डिग्रीवाल्यांना जे साधलं नाही ते बारावी पास माणसानं केलं, म्हणून शोधनिबंधात त्यांचं नाव शेवटी, आभारांत!

पुढे काचबिंदूनं उजवा डोळा गेला आणि डावाही अधू होत चालला. हे कर्वेनगरला घरी ठाऊक होतं, कामावर नाही. करार अकरा महिन्यांचा. न दिसणारा टेक्निशियन कोण ठेवून घेणार?

मार्चमध्ये तनुजाच्या पीएचडीचा शेवटचा प्रयोग लागला. तिच्या दोन्ही यीस्टना एकेक वेगळा जादा पोषक घटक लागे. ते घटक नसलेल्या खाद्यावर, म्हणजे साध्या माध्यमावर, एकटं कुणीच वाढत नाही, जुळलेली पेशी तेवढी वाढते. माध्यम काकांनी तयार केलं. चौथ्या दिवशी प्लेटा वाढलेल्या यीस्टच्या ठिपक्यांनी भरल्या.

"काका, कंट्रोल बघितल्यात ना?" तनुजानं आनंदाच्या भरात विचारलं.

कंट्रोल म्हणजे एकेकटं यीस्ट टाकलेल्या प्लेटा. त्या रिकाम्या राहायला हव्यात. काकांनी त्या खिडकीशी नेऊन डोळ्याजवळ धरल्या. त्यांवरही ठिपके होते. माध्यम करताना बाटली चुकली होती, पोषक घटक असलेली उचलली गेली होती. जुळलेलं काहीच नव्हतं.

"रिकाम्या आहेत," ते म्हणाले आणि प्लेटा धुवायला घेऊन गेले.

तनुजाच्या गाईड सरांनी पेढे वाटले, परिषदेला निकाल कळवला. मग तनुजानं प्रयोग पुन्हा केला. सहा वेळा केला. माध्यम आता बरोबर होतं, एकही ठिपका आला नाही.

"पहिल्यांदाच बरं जमलं तुम्हाला," सर म्हणाले. "आकडे घरून आणले होतेत का?"

तनुजा रडवेली झाली. तिनं दारातून काकांना हाक मारली. "काका, सांगा ना सरांना! कंट्रोल रिकाम्या होत्या, तुम्हीच बघितल्या होत्यात."

आता खरं बोलावं तर नोकरी जाणार. खोटं रेटावं तर सर आणखी खोदणार. भित्र्या माणसाला तिसरी वाट बरोबर सुचते.

"लक्षात नाही हो, सर," काका म्हणाले. "बऱ्याच प्लेटा असतात."

तनुजा त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढं त्यांना दिसलं. दुसऱ्या आठवड्यात ती पीएचडी सोडून गेली, आणि जूनमध्ये काकांचा करार अकरा महिन्यांनी वाढला.