उपासाला चालणारी स्लाइस

प्लास्टिकचा पापुद्रा सोलला की चीज स्लाइसला एक आंबूस-खारट वास येतो. इतकी वर्षं तो मला दुधाचा वाटत आला. आज सकाळी लेकीचा डबा भरताना पहिल्यांदा मिठाचा वाटला आणि स्लाइस हातातच राहिली. मागच्या आठवड्यात मला प्रेशरची गोळी सुरू झाली, पाकिटं वाचत जा असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून वाचलं. कॅल्शियम होतं, प्रथिनं होती. खोटं काही नव्हतं. आणि त्यांच्याच खाली बारीक अक्षरांत सोडियम, चांगला ठसठशीत आकडा. सोडियम म्हणजे शेवटी मीठच. शिकलेली म्हणवणाऱ्या मला हे आत्ता कळावं!

माझ्या सासूबाई येवल्याकडच्या. काही वर्षांपूर्वी द्वारका चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या तेव्हा पायांवर सूज होती, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी मीठ तोडलं आणि मी कंबर कसली. पापड बंद, भाजी अळणी, लोणच्याची बरणी माळ्यावर. त्यांना घास गिळेना, उपास तर सोडवेनात. एका चतुर्थीला मी भीतभीत स्लाइस पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. ‘‘दुधाचंच हाय ना? मंग चालतंय.’’ उपासाला सैंधवाशिवाय दुसऱ्या मिठाला न शिवणारी ही बाई, पण दूध म्हटलं की तिला सगळं सोवळं. मग रोजच दोन स्लाइस सुरू झाल्या. शेजारणींना त्या कौतुकाने सांगत, ‘‘सून मला ताकदीचं खाऊ घालती.’’ मीही फुशारून जाई.

सूज मात्र उतरेना. डॉक्टर मलाच टाकून बोलले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. दुपारी सासूबाई झोपल्या असताना मी त्यांची पिशवी तपासली. लिहितानाही लाज वाटते. काही सापडलं नाही, तरी नवऱ्यादेखत विचारलंच, ‘‘आई, खरं सांगा, लोणचं काढून खाता ना?’’

‘‘नाय गं बाई, बोट बी लावलं नाय.’’

मी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘‘बरं, खाल्लं आसंल.’’

मला हायसं वाटलं! पुढच्याच महिन्यात त्या सिन्नरला माझ्या दिरांकडे गेल्या, त्या तिथल्याच झाल्या. तिकडे सूज उतरली. लोणचं हाताशी नाही ना, असं मी चारचौघांत हसत सांगत राहिले.

डबा तसाच ठेवून मी सिन्नरला फोन लावला. ‘‘आई, लोणचं तुम्ही खाल्लंच नव्हतं. मीठ मीच देत होते, त्या स्लाइसमधून.’’

‘‘मला ठाव हाय की मी खाल्लं नव्हतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू थांबंनास, म्हनून हो म्हनले. पर तेवढं माझ्या लेकाला सांग. त्याला खरं वाटलं व्हतं.’’

वर्षं सरली की असल्या गोष्टी आपोआप विरून जातात, असं मी धरून चालले होते. माझ्यापुरती ती विरली होती. तिकडे एक म्हातारी मुलाच्या नजरेत चोर ठरून इतकी वर्षं गप्प बसली होती. सकाळपासून मी घरभर येरझाऱ्या घालते आहे. संध्याकाळी नवरा घरी येईल. चहा देताना एक वाक्य बोलायचं आहे, फार तर दोन. त्यानंतर तो आधी आईला फोन लावेल की माझ्याकडे बघेल, हे मला सांगता येत नाही.