कोल्ह्याचा माग

दोन हजार पाच सालच्या मार्चमध्ये आमचं डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, सरहद्दीजवळ तेरा हजार फुटांवर होतं. मी हवालदार. हाताखाली सहा जवान आणि सहा खेचरं. ट्रकचा रस्ता आमच्यापाशी संपायचा. तिथून पुढच्या पोस्टला रॉकेल, डाळ, औषधं खेचरांच्या पाठीवरून जायची. खेचर नेणाऱ्या जवानाला फौजेत ड्रायव्हर म्हणतात. त्यामुळे आमच्या दिघाशी गावात सगळे मला ट्रकवालाच समजायचे. रिटायर झालो तेव्हा जवळच्या वडपे गावातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने नोकरीसुद्धा देऊ केली होती.

गेल्या महिन्यात शाळेतल्या बाईंनी बोलावलं. बर्फात प्राणी कसे जगतात ते चौथीच्या मुलांना सांगा म्हणाल्या. सांगितलं. थंडी पडली की खेचराच्या अंगावर दाट केस येतात. पायाखालची जमीन पटली नाही तर ते पाऊल टाकत नाही. तिकडे खोकड असतं, आपल्या खाडीतल्या कोल्ह्याचा भाऊबंद. त्याच्या पंज्यांखालीही केस असतात, झोपताना ते शेपूट तोंडावर ओढून घेतं. वजन पाच-सहा किलो, म्हणून ते भुसभुशीत बर्फावरूनही आरामात चालतं. मुलं खूश झाली. त्यापुढचं मी मुलांना सांगितलं नाही. ते इथे लिहितो.

आमच्यात सिपाही जगन होता. पूर्णा गावचा, वय चोवीस. त्याचे वडील खाडीच्या चिखलात खेकडे धरायचे. जगनकडे सातशे बारा नंबरची खेचरी होती. तो तिला बाय म्हणायचा. सकाळी पाचला उठून हौदावरचा बर्फ फोडायचा, पाणी कोमट करून आधी तिला पाजायचा आणि मग स्वतः चहा घ्यायचा. मी चिडवायचो, "लग्न झाल्यावर बायकोचं कसं होणार रे तुझ्या?" तो म्हणायचा, "तिला पन पाजीन, दादा." एका तालुक्याचे म्हणून एकटे असताना तो मला दादा म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वायरलेस सेट वाजला. पोस्टवरच्या एका जवानाच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. ऑक्सिजन सिलिंडर आणि इंजेक्शनं आम्हीच पोचवायची होती. सहा चाळीसला दोन खेचरं आणि तीन ड्रायव्हर घेऊन निघालो. पुढे जगन आणि सातशे बारा. अकरानंतर वारा सुटणार होता. त्याच्या आत पोचलो नाही तर तो जवान गेला, एवढं स्पष्ट होतं.

सव्वानऊला नाल्यावर आलो. नाला वरून गोठलेला, त्यावर बर्फाची साय. सातशे बारा थांबली. कान पुढे, नाक खाली. जगनने दोर ओढला, ती मागे सरली. पुन्हा ओढला, पुन्हा सरली. तिसऱ्यांदा तिने पुढचा पाय आपटला आणि खुंटासारखी उभी राहिली.

आमची स्टँडिंग ऑर्डर होती, पुढचं खेचर अडलं की थांबा. काठीने बर्फ टोचून बघा, नाहीतर वरच्या वाटेने वळसा घ्या. वळशाला एक तास जास्त लागायचा. मी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात जगनने बोट दाखवलं. खोकडाच्या पावलांची ताजी रांग नाल्यावरून सरळ पलीकडे गेली होती.

"दादा, कोल्ह्याचा माग हाय. आमच्या खारीत कोल्हा जिथून जातो, तिथं मानूस बुडत न्हाय."

हे खरं होतं. खारीत, म्हणजे खाडीकाठच्या चिखलात, कोल्हा खेकडे खायला उतरतो तेव्हा कडक चिखल धरूनच चालतो, आमच्याकडची माणसं त्याचा माग बघून पाय टाकतात. लहानपणी मीही टाकलेत. मला पटलं.

"आणि बाय?" मी विचारलं.

"घाबरलीय. मी फुडं गेलो का येल मागून."

"चल," मी म्हणालो.

दोराचं टोक धरून तो पुढे गेला. चार पावलं. पाचव्याला बर्फ खचला. आवाजही फारसा झाला नाही. दोर ताणला. सातशे बारा मागच्या पायांवर बसली, मान ताठ करून तिने ओढ धरली. मी दोराला हात घालेपर्यंत तो सैल झाला होता. खाली पाणी वाहत होतं.

"अल्फा, वन मॅन डाउन. नाल्यात. ओव्हर," मी सेटवर सांगितलं.

"रॉजर. पेशंट सीरियस. माल आधी पोचवा. ओव्हर."

एका ड्रायव्हरला नाल्यावर ठेवलं आणि वरच्या वाटेने निघालो. पावणेबाराला पोस्टवर पोचलो. वारा सुटला होता, तरी तिथला जवान वाचला. जगन दोन दिवसांनी खाली सापडला. तेवढे दिवस सातशे बाराने कोमट पाण्याला तोंड लावलं नाही.

त्याला घेऊन मीच पूर्ण्याला आलो. तेराव्यानंतर त्याच्या वडिलांनी मला ओट्यावर बसवलं.

"त्यानं माग बगितला व्हता का?"

"बघितला होता, काका. कोल्हा गेला होता तिथून."

म्हातारा म्हणाला, "म्हंजी मीच शिकवलेलं. आठ वरसांचा व्हता तवा."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. खेचर तीनदा अडलं होतं, काठी माझ्या हातात होती, पुढे जायला मी सांगितलं, हे सगळं जिभेवर आलं होतं. मी चहा प्यालो आणि उठलो. काका त्यानंतर खारीत कधी उतरले नाहीत. तीन वर्षांनी गेले. त्या खारीवर आता गोडाऊन आहे, कोल्हे दिसत नाहीत.

सिपाही जगन, गाव पूर्णा. त्याच्या वडिलांनी त्याला चुकीचं काही शिकवलं नव्हतं. ऑर्डर माझी होती.