क्षेपणास्त्रं आधी कोणी मागे घ्यायची

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय मी नऊ वर्षं शिकवला, तोही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहून 'यंदा ठेवताय ना' असं विचारायचं. मिरजगावच्या बाजूचं कॉलेज. वर्गात पोरं कमी आणि भिंतीवर थोर पुरुष जास्त. माझा प्रबंध अण्वस्त्रांच्या पेचातल्या वाटाघाटींवर. तो परीक्षकांनीही वाचला नसावा, आणि त्यात त्यांचं काही बिघडलं नाही.

त्या वर्षी तपासणी समिती यायची होती. प्राचार्य म्हणाले, "काहीतरी जिवंत दाखवा. चाळीस मिनिटांत पेच सुटला पाहिजे, पुढे जेवण आहे. नीट झालं तर जूनचं बघू." झालं, माझी नोकरी त्या चाळीस मिनिटांवर टांगली गेली. मी वर्गाची दोन राष्ट्रं पाडली, पुठ्ठ्याची क्षेपणास्त्रं केली, संवाद लिहून दिले. राष्ट्राध्यक्ष निवडले ते खणखणीत आवाज बघून. दोघं एकाच गावचे. शेतरस्त्यावरून त्यांच्या घरांचं बोलणं बंद आहे, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. मला नव्हतं.

समिती बसली. शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. 'आम्ही क्षेपणास्त्रं मागे घेतो' असं पहिल्यानं म्हणायचं होतं. तालमीत त्यानं ते मुकाट म्हटलंही होतं. आज मात्र मागच्या बाकांवर त्याच्या गावची पोरं मोबाईल धरून उभी होती.

"आधी त्यांनी घ्यावी," तो म्हणाला.

"आमी का म्हनून? तुज्या कागदावर लिवलंय."

"लिवनाऱ्याचं काय जातंय?"

चारचौघांत नेता मागे हटत नाही, यावर माझं अख्खं प्रकरण आहे, तळटिपांसकट. त्या वेळी मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी घाम पुसत उभा राहिलो. समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

संयुक्त राष्ट्रांची महासचिव झालेली मुलगी उठली. तिला मी एकच वाक्य दिलं होतं, शांततेच्या आवाहनाचं. तिनं ते बाजूला ठेवलं, दोघांना व्हरांड्यात नेलं, एकाला जिन्याकडे आणि दुसऱ्याला पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभं केलं. "माज्या पिशवीत टाका. कुनी आधी टाकलं ते मी मरेस्तवर सांगनार न्हाई." तीन मिनिटांत दोन्ही क्षेपणास्त्रं घेऊन ती आत आली.

"वा! कल्पना कोणाची?" अध्यक्षांनी विचारलं. प्राचार्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी निर्लज्जपणे म्हणालो, "माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण, सर." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. जाताना प्राचार्य पुटपुटले, "जूनला या."

अंतर्गत परीक्षेचे तिला मी वीसपैकी वीस दिले. उदार माणूस! नोटीस बोर्डावर यादी लागली त्याच दिवशी ती स्टाफरूममध्ये आली.

"सर, माजा पेपर बारा मार्कांचा हुता. मला ठाव हाय. वरचे आठ कशाचे?"

मी उगाच हजेरीपट चाळू लागलो.

"नकोत मला. मागं घ्या."

यादी विद्यापीठात गेली, आता मागे घेता येत नाही, असं मी सांगितलं. ती "बरं" म्हणून निघून गेली. विद्यापीठाला जायची यादी अजून माझ्याच कपाटात होती.