कोऱ्या रिपोर्टावरची सही

आमच्या लॅबमध्ये दिवसाची सुरुवात सह्यांनी व्हायची. डॉक्टर साडेनऊला यायचे, गाडीची किल्ली टेबलावर ठेवायचे आणि चहा येईपर्यंत कोऱ्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यावर सह्या करत बसायचे. दुपारनंतर त्यांचं स्वतःचं क्लिनिक असे, म्हणून सही आधी आणि तपासणी नंतर, अशी आमची पद्धत. रक्त मी काढायचे, काच मी रंगवायचे, मायक्रोस्कोपला डोळा मी लावायचे आणि जे दिसेल ते त्या सहीच्या वर लिहायचे. पेशंट बाहेर म्हणायचे, इथल्या डॉक्टरांचा रिपोर्ट म्हणजे बघायला नको, अगदी बिनचूक. ते ऐकून मला आनंद व्हायचा. आज तो आनंद आठवला की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

रत्नागिरीतला तो एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. मी बीएस्सी करून लॅबचा डिप्लोमा घेतला आणि तिथे लागले, त्याला नऊ वर्षं झाली होती. पावसकडची एक बाई दर महिन्याला आपल्या मुलीला रक्त चढवायला आणायची. मुलीला थॅलेसेमिया होता. दर वेळी ती बाई मला एकच विचारायची, आम्ही दोघं नवराबायको धडधाकट, मग हिच्यात हे आलं कुठून? मी तिला पाठ केल्यासारखं सांगायचे, दोघांकडून थोडं थोडं आलं. ती मान हलवायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारायची. खरं म्हणजे मलाही त्याहून जास्त काही येत नव्हतं. माझ्याकडे फक्त हिमोग्लोबिनचा आकडा होता.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला हैदराबादच्या एका संस्थेचं पत्र आलं. आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी संगणकीय जीवशास्त्राचा अभ्यासक्रम, बारा आठवड्यांचा, पूर्णपणे इंटरनेटवरून. डॉक्टर, नर्स, लॅबवाले, कुणीही चालेल असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. परीक्षेत जे पहिल्या काही नंबरांत येतील त्यांना दोन आठवडे हैदराबादला बोलावून प्रत्यक्ष शिकवणार होते. डॉक्टरांनी पत्रावरून नजर फिरवली आणि ते माझ्या टेबलावर टाकलं. बघ गं तुला काही कळतंय का, म्हणाले. मला पहिल्या वाचनात निम्मंच कळलं, पण तेवढ्यानेच मी हरखून गेले. जनुकातलं अक्षरन् अक्षर संगणकावर वाचता येतं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की काय बिघडतं ते बघता येतं, असं त्यात लिहिलं होतं. मला ते बघायचं होतं. नऊ वर्षांत मी कामाच्या ठिकाणी एवढी कशासाठी आसुसले नव्हते.

दवाखान्यात इंटरनेट नव्हतं. एसटी स्टँडच्या मागे एका चाचांचं सायबर कॅफे होतं. चाचा बरीच वर्षं कुवेतला काढून परत आले होते आणि तीन संगणक टाकून बसले होते. तिथे मी अर्ज उघडला. पहिलाच रकाना होता, सहभागी होणाऱ्याचं नाव. मी डॉक्टरांचं नाव टाइप केलं.

मी हे कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही. डॉक्टरांनी तसं म्हटलंही नव्हतं. नऊ वर्षं लॅबमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर त्यांचंच नाव जात होतं, तसं याही कागदावर गेलं. बोटांनी विचारसुद्धा केला नाही. माझं नाव मी खाली घातलं, सहायक म्हणून. चाचा मागे उभे राहून वाचत होते. म्हणाले, "बाय, अभ्यास तू करनार, मग नाव त्याचा कशाला?"

मी हसून म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. वर थोड्या तोऱ्यातच म्हटलं, जणू दवाखान्याची शिस्त या माणसाला कुठून कळणार.

मग बारा आठवडे मी राबले. धडे ईमेलने यायचे, ते फ्लॉपीवर घ्यायचे, छापून घ्यायचे आणि घरी भात शिजेपर्यंत ओट्याशी उभ्याने वाचायचे. गृहपाठात अक्षरांची एक लांबलचक माळ द्यायचे आणि विचारायचे, ही कुणाची ते ओळखा. ती माळ अमेरिकेतल्या जनुकांच्या माहितीच्या एका भांडारात टाकायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. ते पान फोनच्या तारेवरून ओळीओळीने उतरायचं. मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षा दर शुक्रवारी तीन ते चार असायची. नेमका त्याच वेळी चाचांच्या भावाचा कुवेतहून फोन यायचा आणि कॅफेत लाइन एकच. दुसऱ्या आठवड्यात चाचांनी भावाला सांगून टाकलं की शुक्रवारी चारच्या आधी फोन करायचा नाही, बायची परीक्षा असते. भारनियमन सुरू झाल्यावर त्यांनी इन्व्हर्टरवर माझा एकच संगणक चालू ठेवला आणि स्वतः पंखा बंद करून घामाने निथळत बसले. माझ्या शिक्षणासाठी कुणी सोसलं असेल तर ते या माणसाने, ज्याचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता.

डॉक्टर अधूनमधून विचारायचे, काय म्हणतोय आपला कोर्स? "आपला" म्हणायचे. शेजारी कुणी असेल तर पुढे जोडायचे, आमची बाई म्हणजे लॅबचा कणा आहे. कणा म्हटलं की मला फार बरं वाटायचं, इतकी मी मूर्ख होते.

निकाल लागला. सगळ्या तुकडीत दुसरा नंबर. चाचांच्या कॅफेत मी तो ईमेल उघडला तेव्हा त्यात डॉक्टरांना नावानिशी शुभेच्छा होत्या, आणि हैदराबादला कधी हजर राहायचं ते लिहिलं होतं. तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की जायची वेळ आली की ज्याचं नाव तोच जाणार. मला वाटत होतं, काम मी केलं हे सगळ्यांना माहीतच आहे, ऐनवेळी नाव बदलून घेऊ. त्यात काय मोठं?

मी संस्थेला कळवलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं की नाव बदलायचं तर विभागप्रमुखांचं पत्र लागेल. विभागप्रमुख म्हणजे डॉक्टरच. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. ते चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. पण ते गोडच बोलले. तू गेलीस तर लॅब कोण बघणार, म्हणाले. परक्या गावात एकटी दोन आठवडे कशी राहणार, घरचे काय म्हणतील, म्हणाले. घरचे काही म्हणत नव्हते. नवऱ्याने तर माझी बॅग माळ्यावरून काढून पुसूनसुद्धा ठेवली होती.

मी म्हणाले, "सर, सगळ्या परीक्षा मी दिल्यात."

"मी कुठं नाही म्हणतोय?" ते म्हणाले. आणि खरोखरच ते नाही म्हणत नव्हते. त्यांनी ते पत्र फक्त दिलं नाही. पुढच्या आठवड्यात रत्नागिरी स्टेशनवरून ते गाडीत बसले.

त्या दोन आठवड्यांत मी कुणाशी धड बोलले नाही. नळीतलं रक्त बघितलं तरी संताप यायचा. डॉक्टरांचा यायचा आणि त्याच्या दुप्पट स्वतःचा. चाचांनी हातात प्रश्न ठेवला होता, मी तो हसण्यावारी नेला होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी लॅबमधला फोन वाजला. बाहेर उपाशीपोटी शुगर तपासायला आलेल्यांची रांग होती. फोनवर डॉक्टर होते, हळू आवाजात बोलत होते. वर्गातून बाहेर येऊन बोलतोय म्हणाले. सिकलसेलच्या आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीतला कितवा घटक बदलतो ते काढायला दिलं होतं. पुस्तकात सहावा होता, त्यांच्या संगणकावर सातवा येत होता. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांनाच उठवून सांगितलं होतं की फरक का पडतो ते सगळ्यांना समजावा, कारण त्या परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी गुण होते.

मी फोन ठेवून देऊ शकले असते. मला माहीत नाही म्हटलं असतं तरी कुणी मला काही करणार नव्हतं. पण ते उत्तर माझं होतं. त्या भरल्या वर्गात ते चुकीचं सांगितलं गेलं असतं तर माझं उत्तर चुकलं असतं, आणि ते मला सहन होईना.

मी सांगितलं. प्रथिनाची साखळी सुरू होते ती एका ठरलेल्या घटकापासून. तो नसेल तर साखळी सुरूच होत नाही. पण ती बांधून होण्याआधीच तो कापून टाकला जातो, आणि जुन्या पद्धतीत त्याला मोजतच नाहीत. संगणक मोजतो. म्हणून तिथे सातवा आणि पुस्तकात सहावा. त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं, लिहून घेतलं. रांगेतला एक म्हातारा दाराशी येऊन माझ्याकडे रागाने बघायला लागला. शेवटी मी म्हणाले, "सर, त्या बाईंना एकदा माझं नाव सांगा. एवढंच करा."

हो हो, सांगतो की, म्हणाले आणि फोन बंद झाला.

उरलेले दिवस मी त्या "सांगतो की"वर काढले. एखादं पत्र येईल, पुढच्या तुकडीला बोलावतील, असलं काहीबाही मनात रचत राहिले.

सोमवारी डॉक्टर परत आले. चांगलं झालं सगळं, म्हणाले, लोक फार हुशार होते. मी ते थांबण्याची वाट पाहिली आणि विचारलं, माझं नाव सांगितलंत का?

"अगं, ते राहूनच गेलं बघ," ते म्हणाले आणि बॅगेतून बिस्किटांचा मोठा डबा काढून माझ्या हातात दिला. सगळ्यांना दे, म्हणाले.

मी डबा घेऊन दवाखानाभर फिरले. ड्रेसिंगच्या खोलीत दिली, केसपेपरच्या खिडकीत दिली, वॉर्डातल्या सिस्टरना दिली. बिस्किट खाताना सगळ्या एकच म्हणत होत्या, आपले डॉक्टर किती आठवणीने आणतात.