चाकहरव्यांचा शोध

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकांइतकं आडनावांवर जीव टाकणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही, आणि स्वतःच्या आडनावाला त्यांच्याइतकं घाबरणारं तर नाहीच नाही. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. त्यात शरीराचा एक अवयव आहे आणि त्या अवयवाला होणारी गंभीर दुखापत आहे, एवढं सांगितलं तरी मराठी वाचकाला पुरे. शाळेत हजेरी सुरू झाली की काका पोटात दुखतंय म्हणून बाहेर जायचे. मुलगी पाहायला गेले तेव्हा काकूंच्या वडिलांनी आडनाव ऐकून दोन मिनिटं पान लावत बसणं पसंत केलं होतं. "आमचा कोणीतरी पूर्वज तापट असणार," काका म्हणायचे, "पण त्याच्या एका भांडणाची शिक्षा किती पिढ्यांनी भोगायची?"

आणि नेमकी अशा माणसाला नोकरी कसली मिळावी, तर पुण्याच्या टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं तपासायची! तीस वर्षं काकांनी शहरातली आडनावं डोळ्यांखालून घातली. एखाद्या 'कुळकर्ण्यां'चा 'कुलकर्णी' झाला तर त्यांना घास गिळवत नसे. काकूंचं म्हणणं असं, की लग्नघरी जेवताना हे शेजारच्या पाटावरच्या माणसाला भाजी वाढायच्या आधी त्याचं मूळ गाव वाढून मोकळे होत. पुढे डिरेक्टरीच बंद पडली, काका निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि दोन वर्षांच्या नातीला सांभाळायच्या निमित्ताने मुलाने त्यांना तोक्योत, आमच्या हिगाशी-कसाईच्या इमारतीत आणलं. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. तोयोसुच्या एका ऑफिसात पुण्याचे इंजिनीअर आणि जपानी गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभं राहून दोघांचे गैरसमज एकमेकांना समजावून सांगणं हा माझा धंदा. जपानी येणारी मराठी शेजारीण म्हटल्यावर काका माझ्या वाट्याला आले.

जपानला येऊन लोक फुजीचा डोंगर बघतात. काकांनी काय पाहिलं, तर शंभर येनच्या दुकानातला शिक्क्यांचा स्टँड. इथे सहीऐवजी आडनावाचा शिक्का उठवतात, त्यामुळे दुकानात तयार शिक्क्यांचा एक गोल फिरता स्टँड असतो, शेकडो आडनावं ओळीने लावलेली. काकांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चपला काढायच्याच काय त्या बाकी ठेवल्या. तासभर ते त्याच्याभोवती फिरत होते आणि मी बाजूला उभी राहून अर्थ सांगत होते. इनोउए म्हणजे विहिरीवरचे. यामागुची म्हणजे डोंगरतोंडे. कोबायाशी म्हणजे लहान रान. "म्हणजे धाकटे रानडे!" काका ओरडले. त्या दिवसापासून आमच्या इमारतीचे व्यवस्थापक कोबायाशी-सान, म्हणजे आपले कोबायाशीराव, काकांच्या लेखी रानडेच झाले. सकाळी कचरा वर्गवारी करून खाली ठेवताना काका कमरेत वाकून "ओहायो, रानडे-सान!" म्हणत, आणि तो भला माणूसही त्यांना वाकून नमस्कार करी. एकदा काका मला घेऊन वॉर्ड ऑफिसातही गेले होते. वॉर्डात कोणत्या आडनावाची किती माणसं राहतात याची यादी त्यांना हवी होती. खिडकीतल्या मुलीने 'वैयक्तिक माहिती' हा शब्द इतक्या वेळा आणि इतकं वाकून उच्चारला, की शेवटी काकांनीच तिची माफी मागितली.

शनिवारी सकाळी वॉर्डाच्या हॉलमध्ये परदेशी लोकांसाठी जपानीचा फुकट वर्ग भरतो. तिथे त्यांना नेणं हेही माझं काम. काकांच्या पहिल्या दिवशी, नवा माणूस आला म्हणून, सगळे पुन्हा आपली नावं सांगत होते. खिडकीशी बसलेली एक साठीची बाई अगदी हळू आवाजात "ओक्साना" म्हणाली. बाई युक्रेनच्या, युद्धामुळे इकडे आलेल्या, सकाळी डबे भरायच्या कारखान्यात अर्धवेळ काम करणाऱ्या. "आडनाव?" मागून काकांचा खणखणीत मराठी आवाज आला. मी ते जपानीत विचारलं, आणि बाईंनी आडनाव सांगितलं. शिक्षिकेने तीनदा विचारलं, फळ्यावर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं आणि मग अतिशय नम्रपणे, आपण सगळे ओक्साना-सानच म्हणूया असं जाहीर केलं. आडनाव होतं झाहुबिकोलेसो.

मधल्या सुट्टीत काकांनी मला ओढतच त्यांच्याकडे नेलं. "अर्थ विचार." मी विचारला. ओक्साना-सान आधी लाजल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी बैलगाडी हाकली, एका बाजूला कलंडल्या, मागे वळून पाहिलं आणि रिकामे हात दाखवले. झाहुबि म्हणजे हरव, कोलेसो म्हणजे चाक.

"चाकहरवे!" काका उभेच राहिले. "अगं, हे तर आपल्यातले! फक्त आपण आधी वस्तू घालतो आणि मग तिचं काय केलं ते सांगतो, हे लोक आधी करून मोकळे होतात. बाकी घडण तीच." आणि मग, ज्या माणसाने सत्तर वर्षं स्वतःचं आडनाव तोंडातल्या तोंडात पुटपुटलं, त्याने ते भर वर्गात ठणठणीत उच्चारलं, आणि अर्थ म्हणून डस्टर उचलून स्वतःवर प्रयोगही करून दाखवला. ओक्साना-सान हसल्या. शिक्षिका मला नंतर म्हणाली, की तीन महिने ही बाई वर्गाला येते आहे, पण तिला हसताना आज पहिल्यांदा पाहिलं.

झालं, काकांना काम मिळालं. हे आडनाव मुळात आलं कुठून आणि आज ते कुठे कुठे नांदतं आहे, याचा छडा लावायचा त्यांनी विडाच उचलला. जगाचा मोठा नकाशा दिवाणखान्यात लागला. सून म्हणाली, "बाबा, घर भाड्याचं आहे, भिंतीला भोक नको." मग नकाशा पुठ्ठ्यावर चढला आणि जेवणाच्या टेबलाशी एका खुर्चीवर बसला, त्यामुळे नातीला आजोबांच्या मांडीवर जेवावं लागे. उगमाबद्दल काकांचा सिद्धान्त ठाम होता. तिकडच्या कोसॅक सैनिकांच्या छावणीत नवा माणूस आला की त्याला थट्टेने नवं नाव देत, असं त्यांनी वाचलं होतं. तेव्हा चाकहरव्यांच्या मूळ पुरुषाने ऐन लढाईत तोफेचं चाक हरवलं, यात त्यांना शंकाच नव्हती. टाचण्या मात्र एकेक खऱ्या पुराव्यावर लागत. युक्रेनच्या पोल्तावा भागातल्या दोन-तीन गावांत दाटी, मग कॅनडातल्या गव्हाच्या मुलखात काही, ब्राझीलच्या दक्षिणेला एक घर, कझाकस्तानात थोडी. "ही जमिनीसाठी गेलेली," काका बोट ठेवून सांगत, "आणि कझाकस्तानातली ही हद्दपार करून आगगाडीत कोंबून नेलेली." प्रत्येक टाचणीला एक पत्र जाई. इंग्रजी काकांचंच: 'आदरणीय महोदय, आपल्या आडनावातील चाकाविषयी नम्र विचारणा करण्यास परवानगी असावी.' मुलगा कपाळाला हात लावून म्हणायचा, "बाबा, कोणीतरी पोलिसांना बोलवेल हो!" पोलीस कोणी बोलावले नाहीत. कॅनडातून एका आजोबांचं उत्तर आलं, की आपल्या वडिलांनी लोकांच्या जिभेला कंटाळून आडनावाचं नुसतं 'व्हील' करून टाकलं, आणि आपल्याला आज पहिल्यांदाच कळतंय की त्यातली 'हरवणं' हीच गोष्ट हरवली. काकांनी ते पत्र दोन दिवस खिशात बाळगलं.

हे सगळं ते दर शनिवारी ओक्साना-सानना ऐकवत, आणि त्या मान हलवत ऐकत. एका शनिवारी मात्र ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. वर्गाबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मोडक्या जपानीत मला सांगितलं. त्यांना एक मोठा भाऊ आहे, एकाहत्तर वर्षांचा, एकटा. त्यांनी लग्नानंतरही माहेरचंच आडनाव ठेवलं होतं, त्यामुळे दोघांचं आडनाव एकच. वसंतात त्याचं गाव रिकामं करायला सांगितलं, तो कोणाच्या तरी गाडीत बसला आणि त्यानंतर चार महिने त्याचा काही पत्ता नाही. फोन लागत नाही. निर्वासितांच्या सगळ्या याद्या शोधून झाल्या. "तुमच्या काकांच्या नकाशावर सगळे आहेत," त्या म्हणाल्या, "फक्त तो नाही."

मी काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. काका हातात वही घेऊन दारात उभे. "बाईंनी यादीत नाव कसं शोधलं, ते विचार. बरोबर लिहूनच ना? इथेच चुकलं. यादी करणारा दमलेला असतो, त्याला ते नाव ऐकूसुद्धा आलेलं नसतं. चुकीचं लिहून शोधायला हवं." वहीत त्या एका आडनावाची चाळीस चुकीची रूपं होती, सुवाच्य अक्षरात, कोणती चूक होण्याची शक्यता जास्त, त्या क्रमाने.

ऑफिसातून आल्यावर जेवणाआधीचा तास मी रोज त्यासाठी देऊ लागले. वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांनी केलेल्या याद्या उघडायच्या आणि काका सांगतील ते रूप घालायचं. दहा दिवस गेले. चाळीसही रूपं संपली. मी म्हटलं, "काका, आता पुरे करूया का?" ते वही मिटून बसले होते. एकदम म्हणाले, "फुटलं असेल."

"काय?"

"नाव गं! आमच्याकडे 'काळे-पाटील' असेच फुटायचे. एखादा नवशिका अर्ध्यांना 'क'मध्ये टाकायचा, अर्ध्यांना 'प'मध्ये. एवढं लांब आडनाव एका माणसाचं असेल असं कोणाला वाटणारच नाही. 'कोलेसो' बघ."

मी नुसतं 'कोलेसो' घातलं. पोलंडमधल्या एका लहानशा गावात वृद्धांना ठेवून घेणाऱ्या घराची यादी उघडली. आडनाव कोलेसो. नाव झाहुबि. वय एकाहत्तर. आणि पुढच्या रकान्यात, वडिलांचं नाव म्हणून, मिकोला. ओक्साना-सानच्या भावाचं नाव मिकोला.

मला वाटलं होतं, काका नाचतील. "बाईंना सांगू नकोस," ते म्हणाले. "एकाच नावाची दोन माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. तो नसला तर?" त्या घराला मी पत्र पाठवलं आणि उत्तर येईपर्यंतचे तीन दिवस काकांनी आमटीत मीठ आहे की नाही हेही सांगितलं नाही. उत्तर दोन ओळींचं होतं. गृहस्थ बरे आहेत, प्रवासात आजारी पडले, फोन आणि त्यातले सगळे नंबर गेले. बहीण जपानमध्ये आहे एवढंच ते सांगतात, पण जपानमध्ये 'कोलेसो' नावाची बाई काही आम्हाला सापडत नाही.

त्या रविवारी दुपारी काकांच्या घरी फोन लावायचं ठरलं. ओक्साना-सानना मी रस्त्यातच सगळं सांगितलं होतं. पडद्यावर एक खोली दिसली, मग एक पांढऱ्या मिशांचा उंच म्हातारा येऊन बसला. आमच्याकडे सून रडत होती, नात तिच्याकडे टकामका बघत होती. मग तो म्हातारा काहीतरी म्हणाला आणि ओक्साना-सान रडता रडता संतापल्या.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

"म्हणतो, केस एवढे का कापलेस!" त्यांनी मला जपानीत सांगितलं. "चार महिने मी मेले, आणि ह्याला केस दिसतात!"

काकांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. चार महिन्यांची नव्हे, पण दोन आठवड्यांची झोप त्यांच्या डोळ्यांवर एकदम आल्यासारखी दिसली. दहा मिनिटं मोठ्या मुश्किलीने ते गप्प बसले. मग मात्र त्यांना राहवेना. "दादांना विचार, चाक नक्की हरवलं कुठे? तोफेचं ना?" माझं जपानी, त्यावर ओक्साना-सानचं युक्रेनी, असा तो प्रश्न पोलंडला पोचला. मिकोला खो खो हसले. तोफ कसली! त्यांचे पूर्वज बैलगाड्यांतून समुद्राकाठचं मीठ आणणारे. एकाने झोपेत नदीच्या उतारावर चाक घालवलं, आणि तीन चाकांची गाडी घेऊन गावात आला. त्यावर ओक्साना-सान एकदम पुढे सरसावल्या. झोपेत नव्हे, आजी सांगायची की त्याने ते चाक विकून दारू प्यायली आणि हरवलं म्हणून सांगितलं! मिकोलांना हे मान्य नव्हतं. बहीणभाऊ कडाकडा भांडू लागले. "भांडू देत," काका मला हळूच म्हणाले. "तू भाषांतर नको करूस आता." एवढा लाडका तोफेचा सिद्धान्त गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हतं.

मिकोलांना लांबचा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून महिन्याभराने ओक्साना-सानच पोलंडला निघाल्या. शनिवारचीच सकाळ होती. विमानतळाच्या बसपाशी त्यांनी काकांना आडनावाने हाक मारली, अगदी शुद्ध, एकही अक्षर न चुकता. आडनावांच्या शुद्धलेखनात आयुष्य काढलेल्या काकांनी हात जोडले.

त्या दिवशी आम्ही वर्गाला गेलो नाही. दुपारी घराजवळच्या लहान नदीच्या काठी बाकावर बसलो. माझ्या फोनवर विमानाची खूण सरकत होती.

"आत्ता कुठे असेल गं?"

"चीनच्या वर, काका. युद्धामुळे मोठा वळसा घालून जातं ना."

थोड्या वेळाने पुन्हा, "आणि आता?"

मी सांगत राहिले. पाण्यावरून एक बगळा उडाला, समोरच्या इमारतीत कोणीतरी वाळत घातलेल्या गाद्या बडवत होतं.

"पोचल्यावर कळवतील ना?" काकांनी विचारलं.

"कळवतील की."

"नाही कळवलं तरी चालेल म्हणा," ते म्हणाले. "दादा दारात उभा असेल. कोणाला आठवणार आपण?"

एवढं बोलून त्यांनी माझा फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर, नीट दिसेल असा ठेवला.